सांगाव्यापासून नोंदीपर्यंत

गावात मरण झाले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन जाण्याचे काम महाराचे असे. रात्र असो, पाऊस असो, नदीला पाणी असो, सांगावा पोचलाच पाहिजे. टपाल त्यानेच न्यायचे, गावात आलेल्या परक्या माणसाची वर्दी त्यानेच द्यायची, शिवेच्या तंट्यात साक्षही त्याचीच. म्हणजे गावाची माहिती त्याच्या पायांवर आणि त्याच्या स्मरणावर चाले. परंतु ती माहिती कागदावर उतरे तेव्हा कागद दुसऱ्याच्या हाती असे. माहिती वाहणारा एक आणि माहितीचा मालक दुसरा, अशी ही वाटणी होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने गेली. वतन गेले. वाटणी गेली काय?

हा प्रश्न आज आरोग्याच्या क्षेत्रात नव्याने विचारावा लागतो. रुग्णालयात संगणक आला आहे. आशाताईच्या हातात मोबाइल आला आहे. प्रत्येक माणसाला आरोग्याचा एक क्रमांक देण्याची योजना देशभर चालू आहे. या साऱ्यामागे जे शास्त्र आहे त्याला आरोग्य-माहितीशास्त्र म्हणतात. रुग्णाची माहिती कशी गोळा करावी, कशी साठवावी, ती योग्य वेळी योग्य माणसापुढे कशी यावी आणि तिच्यावरून उपचाराचा निर्णय कसा घ्यावा, याचे हे शास्त्र आहे. ते डॉक्टरांचे आणि यंत्र बनविणाऱ्यांचे आहे असे समजून आपण बाजूला राहिलो, तर जुनी वाटणी नव्या यंत्रातून पुन्हा उभी राहील. म्हणून त्याची मुळाक्षरे आपण समजून घेतली पाहिजेत. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पुरेसे आहेत.

१. 'ताप' या एका शब्दात काय मावले

जुन्या कोतवाल बुकाचे नाव आज पुष्कळांना ठाऊक आहे, कारण जातीचा दाखला काढताना आजोबा-पणजोबांची नोंद त्यात शोधावी लागते. हे बुक म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही. ती ठेवली गेली ती लोकांच्या जन्ममरणाचा हिशोब राहावा म्हणून; आज आपण ती उघडतो ती जातीसाठी. नोंद एका कामासाठी होते आणि दुसऱ्याच कामाला लागते. नोंदीचा हा स्वभाव पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

ब्रिटिश अमदानीतल्या अशा नोंदींत मृत्यूच्या कारणांमध्ये सर्वांत मोठा वाटा 'ताप' या शब्दाचा असे. मलेरियाने मेला तरी ताप, न्यूमोनियाने मेला तरी ताप, बाळंतरोगाने बाई गेली तरी ताप. लिहिणारा खोटे लिहीत नव्हता. अंग तापले होते हे खरेच होते. परंतु त्या शब्दावरून कुणाला काही करता येत नव्हते. मलेरियाला डासांचा बंदोबस्त हवा, बाळंतरोगाला सुईणीच्या हाताची स्वच्छता हवी, न्यूमोनियाला वेळेवर औषध हवे. तिन्ही मरणे एका शब्दात कोंबली की तिन्ही उपाय हातचे जातात.

येथे या शास्त्राचा पहिला पाठ आहे. नोंद, माहिती आणि ज्ञान या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. दोन महिन्यांच्या आतले एखादे बाळ मिनिटाला ६४ वेळा श्वास घेते, ही नोंद झाली. त्या वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद समजावा, ही कसोटी तिला लावली की माहिती झाली. असे बाळ घरी ठेवू नये, तातडीने उपचार मिळाले पाहिजेत, हे कळणे म्हणजे ज्ञान. दोन महिने ते एक वर्ष या वयात हीच कसोटी ५० ची आहे आणि एक ते पाच वर्षांत ४० ची. ६४ हा आकडा वहीत पडून राहिला तर त्याचा बाळाला काडीचा उपयोग नाही. तो निर्णयापर्यंत पोचला पाहिजे.

यासाठी संगणकच लागतो असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर दायांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले. जिला आकडे वाचता येत नाहीत तिच्याही हाती न्यूमोनिया ओळखण्याची कसोटी आली. तंत्रज्ञानाचे मोल त्याच्या किमतीवर ठरत नाही. ते ज्याच्या हाती द्यायचे त्याच्या हाताला बसते की नाही, यावर ठरते.

२. सर्वांना कळेल अशी भाषा

एका डॉक्टराने 'क्षय' लिहिले, दुसऱ्याने 'टीबी', तिसऱ्याने 'छातीत पाणी', चौथ्याने घरच्यांच्या भिडेखातर 'जुना खोकला' लिहिले. रुग्ण चार झाले की आजार चार झाले? माणसाला हे कळेल. संगणकाला कळणार नाही. म्हणून रोगांना सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत निघाली. फ्रान्सच्या बर्टिलाँ याने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्यापासून वाढत गेलेले आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण आज जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दहाव्या आवृत्तीत जंतू तपासून खात्री झालेला फुप्फुसाचा क्षय म्हणजे ए-१५. शिरूरला लिहा नाही तर केनियात लिहा, अर्थ एकच.

एका रुग्णालयाच्या संगणकातली नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाला वाचता आली पाहिजे, हा या शास्त्राचा मोठा आग्रह आहे. त्याचे कारण तांत्रिक वाटते, पण ते अगदी पोटाचे आहे. ग्रामीण रुग्णालयात काढलेले रक्ताचे आकडे पुण्याच्या मोठ्या दवाखान्याने मानले नाहीत की तपासणी पुन्हा होते. पुन्हा पैसे, पुन्हा एक दिवसाची मजुरी, पुन्हा एस.टी.चे भाडे. ज्याचा एक दिवस बुडाला तरी चालते त्याला ही अडचण दिसत नाही. ज्याचा दिवस म्हणजे संध्याकाळची भाकरी आहे, त्याने दुसऱ्या खेपेला दवाखान्यात जाण्याचेच सोडलेले असते.

३. वढू बुद्रुक

शिरूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या वढू बुद्रुकचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. शेजारचे कोरेगाव भीमा तर नाहीच नाही. परंतु आरोग्य-माहितीशास्त्राच्या जगातही वढूचे नाव आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. आजारी माणसाने शहरात येण्याची वाट पाहायची नाही, दवाखान्याने गावात जायचे. आणि गावातल्याच माणसांना आरोग्याचे शिक्षण द्यायचे, ही त्यामागची धारणा होती. १९९३ साली त्यांना लोकसेवेचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच कामाच्या पायावर के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने २००२ साली वढूला लोकसंख्या व आरोग्य निरीक्षणाची पद्धत उभारली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतली २२ गावे तिच्यात येतात. आफ्रिका आणि आशियात अशीच कामे करणाऱ्या केंद्रांच्या 'इंडेप्थ' या जाळ्यात वढूची गणना होते.

या पद्धतीचे काम कसे चालते ते पाहू. आधी प्रत्येक घर आणि घरातले प्रत्येक माणूस मोजले. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला. त्यानंतर प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जातात आणि चार गोष्टी विचारतात : कुणी जन्मले का, कुणी मेले का, कुणी नवे राहायला आले का, कुणी निघून गेले का. ऐकायला चार साधे प्रश्न. परंतु दवाखान्याची नोंद आणि ही नोंद यांत मूलभूत फरक आहे. दवाखान्याच्या वहीत तेच माणूस येते जे दवाखान्याची पायरी चढले. ज्याच्याकडे भाडे नव्हते, ज्याला पूर्वी कुणी हिडीसफिडीस केले म्हणून तो पुन्हा गेला नाही, जी बाई घरीच बाळंत झाली आणि घरीच गेली, ती माणसे दवाखान्याच्या लेखी आजारीच पडली नाहीत. घरोघरच्या नोंदीत ती सापडतात. दाराशी येणारी नोंद वेशीबाहेर थांबत नाही. निदान, तिने थांबता कामा नये.

मरणाचे कारण शोधण्याची तिथली रीतही समजून घेण्याजोगी आहे. खेड्यातली कितीतरी मरणे घरीच होतात. डॉक्टरने पाहिलेले नसते, मग कारण लिहिणार कोण? अशा वेळी कार्यकर्ता काही दिवसांनी मृताच्या घरी जातो आणि जवळच्या माणसाला शांतपणे विचारतो : ताप किती दिवस होता, श्वास लागत होता का, अंगावर सूज होती का, बाई गरोदर होती का, कुठे नेले होते, न नेण्याचे कारण काय. ही तोंडी चौकशी पुढे डॉक्टर वाचतात आणि कारण ठरवितात. 'ताप' या एका शब्दाच्या जागी आता एक हकिगत येते. आईने सांगितलेली लेकराची हकिगत शास्त्राच्या कामाची ठरते, अडाणी म्हणून बाजूला सारली जात नाही, ही या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

अशा नोंदींतून निघते काय? एक उदाहरण घेऊ. लहान मुलांच्या जुलाबावरील रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी २०११ पासून दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी झाली. पुण्याचे ठिकाण म्हणजे वढूचे केंद्र. एकूण ६,७९९ बालके त्यात होती. पुढे २०१६ साली ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली. देशभरच्या बाळांना मिळालेल्या या लशीच्या मागे शिरूरच्या पट्ट्यातल्या आयाबापांनी दिलेली संमती आणि सोसलेली खेप आहे. जुन्या काळी सांगावा नेणाऱ्याचे नाव कुठे राहिले नाही. या आयाबापांनी देशाला काय दिले, हे निदान त्यांना तरी कुणी त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे.

४. भाजक कुणाचा?

आकडेशास्त्रात भाजकाला फार किंमत आहे. किती मेले हा वरचा आकडा. कितींपैकी मेले हा खालचा. खालचा आकडा चुकला की सारे चुकते, आणि वरचा लपला की सारे गोड दिसते.

समजा, एका गावात वर्षात ४० मुले जन्मली आणि त्यांतली दोन वर्षाच्या आत दगावली. हजारी ५० असा बालमृत्यूचा दर आला. आता दोहोंपैकी एक मरण वस्तीत झाले आणि त्याची नोंदच कुणी केली नाही असे धरा. दर झाला हजारी २५. एकही मूल वाचविले नाही, औषधाची एक गोळी दिली नाही, आणि मृत्यू निम्म्यावर आले. कागदावर. न केलेली नोंद ही अशी कामगिरी दाखविते. गडचिरोलीच्या बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली मांडला तेव्हा महाराष्ट्रभर खळबळ माजली ती याच कारणाने. सरकारी वहीत न पोचलेली मुलांची मरणे त्यांनी मोजून पुढे ठेवली होती.

आता असे समजा की ४० पैकी सहाच जन्म वस्तीतले होते आणि दोन्ही मरणे तिथलीच. गावाच्या सरासरीत ही गोष्ट बुडून जाते. परंतु येथे उतावीळपणाही करता येत नाही. सहापैकी दोन हा एका गावाचा, एका वर्षाचा आकडा आहे. तो योगायोगही असू शकेल. म्हणूनच २२ गावे, पुष्कळ वर्षे, लाखाच्या घरातली लोकसंख्या अशी मोठी नोंद लागते. तेवढी झाली की योगायोग गळून पडतो आणि जे उरते ते व्यवस्थेचे असते. आपला राग खरा असला तरी तो मोजून मांडला म्हणजे उत्तर देणे भाग पडते. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे आणि आयोगांपुढे केवळ दुःख मांडले नाही, आकडे मांडले, हे आपण विसरू नये.

५. कोयत्याची नोंद

वढूचे क्षेत्र शिरूर-हवेलीचे. भीमेच्या खालच्या अंगाला दौंड तालुका लागतो. कालव्याचे पाणी, ऊस, साखर कारखाने, कुरकुंभची औद्योगिक वसाहत, मोठे रेल्वे जंक्शन. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' अशी नोंद असते. दोन माणसे, एक हत्यार. त्या वहीत बाईचे स्वतंत्र नाव नाही. मग तिच्या दुखण्याचे कुठून येणार?

समजा, अशा एका बाईला भाद्रपदात गावाकडे क्षयाचे औषध सुरू झाले. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिने होतात न होतात तोच टोळी निघाली. ती दौंडच्या उसात आली. येथील आरोग्य केंद्राला ती नवी. तिच्या केंद्राला ती बेपत्ता. औषध तुटले तर रोग उलटतो, आणि जंतू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका वाढतो. पुन्हा खोपीत शेजारी चार लेकरे झोपलेली असतात.

या अडचणीवर तांत्रिक उपाय आहे आणि तो अस्तित्वातही आहे. २०१२ साली केंद्र सरकारने क्षयरुग्णांसाठी 'निक्षय' ही संगणकीय नोंद सुरू केली. रुग्णाला क्रमांक मिळतो. तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला की त्याची नोंद तिकडे पाठविता येते. पोषणासाठी महिना ५०० रुपये २०१८ पासून देण्यात येऊ लागले, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. म्हणजे क्रमांक आहे, वाट आहे, रक्कमही आहे. उरते काय? निघताना बाईला कुणी विचारले पाहिजे, 'ताई, कुठल्या कारखान्याला चाललीस?' आणि दौंडला पोचल्यावर फडात जाऊन कुणी विचारले पाहिजे, 'कुणाला गोळ्या चालू आहेत का?' यंत्र हा प्रश्न विचारीत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो. मुकादमाने दिलेल्या उचलीची नोंद तिच्यामागे शंभर कोस चुकत नाही, आणि तिच्या औषधाची नोंद तालुक्याची शीव ओलांडत नाही. हा दोष संगणकाचा नव्हे. कुठली नोंद महत्त्वाची हे कुणी ठरवायचे, याचा हा दोष आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा सरकारी समितीने ऐंशी हजारांवर बायकांची पाहणी केली. तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. प्रत्येक शस्त्रक्रियेचा कागद कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात होताच. सुटा कागद काही बोलत नाही. कागद एकत्र मांडले तेव्हा ते बोलू लागले. नोंदी जोडण्याचे सामर्थ्य ते हेच.

६. यंत्राला जात नसते काय?

यंत्र सर्वांना सारखे, असे आपण ऐकतो. कोरोनाच्या साथीत बोटाला लावण्याचे प्राणवायू मोजणारे यंत्र घराघरांत पोचले. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की यंत्र ९२ ते ९६ टक्के म्हणजे बऱ्यापैकी आकडा दाखवीत असताना, रक्त तपासल्यावर, गोऱ्या रुग्णांपैकी ३.६ टक्क्यांत आणि काळ्या रुग्णांपैकी ११.७ टक्क्यांत प्राणवायू धोक्याच्या खाली होता. यंत्र प्रकाशावर चालते. गडद कातडीवर ते चुकते. ज्यांच्या कातडीवर ते पारखले गेले त्यांनाच ते खरे सांगते.

दुसरे उदाहरण याहून शिकविणारे आहे. अमेरिकेतच कोणत्या रुग्णाला अधिक देखभाल द्यावी हे ठरविणारी एक संगणकीय पद्धत होती. ती वंश विचारीत नव्हती. तिने आजाराचे माप म्हणून उपचारांवर झालेला खर्च धरला होता. आता काळ्या माणसांवर मुळातच कमी खर्च होत आलेला. म्हणून संगणकाने समजूत करून घेतली की ते कमी आजारी आहेत. २०१९ साली संशोधकांनी हे उघड केले. ही चूक सुधारली असती तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला असता.

हे आपल्याकडे लावून पाहा. वस्तीतला माणूस दवाखान्यात कमी जातो, त्याच्यावर खर्च कमी होतो. उद्या एखाद्या संगणकाने खर्चावरून गरज ठरविली, तर तो निष्पाप चेहऱ्याने सांगेल : वस्ती निरोगी आहे. येथे कुणी मनुवादी बसलेला असण्याची गरज नाही. कालची उपेक्षा आजचा आकडा होते आणि आजचा आकडा उद्याचा निर्णय होतो.

यंत्राच्या दारातही उंबरठा असतो. २०२१ साली १८ ते ४४ वयाच्या लोकांना लशीसाठी आधी संगणकावर नाव नोंदविणे सक्तीचे होते. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आणि जलद जोडणी, त्याने क्षणात जागा पटकावली. शहरांतली माणसे मोटारींतून खेड्यांच्या केंद्रांवर आली आणि गावची माणसे रांगेबाहेर उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयानेही त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या आदेशात या दरीवर बोट ठेवले. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची सोय २४ मे रोजी झाली ती याच अडचणींमुळे. पाणवठा उघडा आहे, फक्त पोहरा तुमचा तुम्ही आणा, असे म्हणण्यातली गोम आपल्याला कुणी शिकवायला नको.

७. जातीचा रकाना

मग आरोग्याच्या नोंदीत जात लिहावी की नाही? हा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. लिहिली नाही तर वस्तीतली मरणे गावाच्या सरासरीत बुडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होते. त्यात अनुसूचित जाती-जमातींचे आकडे वेगळे दिलेले असतात, म्हणून तर विषमतेविषयी पुराव्याने बोलता येते. उलट जात लिहिली आणि ती केसपेपरवर सर्वांपुढे आली, तर नाडी पाहणारा हात आखडण्याची भीती आहे.

याला या शास्त्रातच उत्तर आहे. सर्व माहिती सर्वांनी पाहायची नसते. ज्याला कामासाठी जेवढी लागते तेवढीच त्याला दिसावी. औषध देणाऱ्याला जात कळण्याचे काही कारण नाही. तालुक्याचा हिशोब मांडणाऱ्याला नाव कळण्याचे काही कारण नाही. नाव आणि जात एकाच ठिकाणी, एकाच नजरेसमोर येऊ नयेत अशी रचना संगणकात करता येते. कोतवाल बुकात ती सोय नव्हती. आता आहे, म्हणून ती मागितली पाहिजे.

गुप्ततेचे मोल इतिहासाने पुण्यालाच शिकविले आहे. १८९७ च्या प्लेगात सोजिरांनी घरे झडती घेऊन रोगी ओढून काढले, तेव्हा लोकांनी रोगी लपविले, मरणे लपविली. रोग आणखी पसरला. त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्या गेल्या. तिथे लोक रोगी लपवीत नव्हते. माहिती जबरदस्तीने काढली की दडते, आणि विश्वासाने मागितली की येते. याहून मोठा सिद्धान्त माहितीशास्त्रातही नाही.

आज आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली, २०२१ पासून, १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे तो ऐच्छिक आहे. नोंदी जिथे झाल्या तिथेच राहतात. रुग्णाच्या संमतीने त्या जोडल्या आणि दाखविल्या जातात, आणि दिलेली संमती मागे घेता येते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय आहे. कागदावर हे चांगले आहे. परंतु खिडकीशी पन्नास माणसांची रांग असताना 'येथे अंगठा लावा' एवढेच सांगितले जाते, त्याला संमती म्हणत नाहीत. अंगठे आपण पुष्कळ लावले आहेत, सावकाराकडेही लावले आहेत.

८. आपण काय मागावे

हे शास्त्र आपल्या कामी यावे तर काही गोष्टी प्रत्येकाने पाठच केल्या पाहिजेत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घरी झालेल्या मरणाची वर्दी देणे कुटुंबप्रमुखाचे काम आहे. आईचे वा तान्ह्या बाळाचे मरण झाले तर ते 'देवाने नेले' म्हणून सोडू नये. कारण लिहिले गेले की नाही ते पाहावे. आपल्या उपचारांचे कागद मागावेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांच्या आत ते दिले पाहिजेत, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवल्या पाहिजेत. परगावी कामाला जाताना औषधाचा कागद आणि नोंदीचा क्रमांक बरोबर घ्यावा. कुठल्याही यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी विचारावे : हे कशासाठी, कोण पाहणार, नाही म्हटले तर उपचार मिळतील ना?

यापुढची मागणी एकट्याची नव्हे, गावाची आहे. ग्रामसभेत वर्षाचे आरोग्याचे आकडे वाचले जावेत, गावाचे निराळे आणि वस्तीचे निराळे, नावे न घेता. आपल्याकडून गेलेली माहिती आपल्याकडे परत येते ती याच वाटेने. आणि शिकलेल्या आपल्या पोरांनी डॉक्टर, वकील, तहसीलदार व्हावे तसे या शास्त्रातही शिरावे. आजची वस्तीची नोंद फार करून आशाताई करते. उन्हातान्हात दारोदार फिरणारी, तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी ही बाई नव्या काळातली माहिती वाहणारी आहे. तिने भरलेल्या रकान्यांचा अर्थ लावणारे मात्र दूर कुठेतरी बसलेले असतात. रकाने कोणते असावेत, हे ठरविणाऱ्यांच्या टेबलापाशी तिची आणि वस्तीची माणसे बसली पाहिजेत.

आपले पूर्वज दुसऱ्यांच्या मरणाचा सांगावा घेऊन धावले. त्यांच्या स्वतःच्या मरणाचे कारण मात्र बुकात 'ताप' एवढेच राहिले. आता कारण लिहिण्याची भाषा आहे, जोडण्याचे साधन आहे, मागण्याचा कायदा आहे. लेखणी कुणाच्या हाती असावी, एवढाच वाद उरला आहे, आणि तो वाद जुनाच आहे.